वरल्या तळ्याची रानकेळ

फैजपुरात राहून केळीचं झाड शोधायला निघालेल्या माणसाला कुणीही वेड्यात काढील. इथे घराबाहेर पाऊल टाकलं की केळीच केळी. गावाची हद्द संपते, बागा संपत नाहीत. तरीही दिवाळीनंतरच्या शनिवारी, उजाडता उजाडता, चुडामण नाना निघाले ते एक केळ शोधायलाच! आणि तीही सातपुड्याच्या माथ्यावर, साडेतीन हजार फुटांवरच्या वरल्या तळ्याकाठी!

त्याला कारण नानांची पुतणी कामिनी. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि प्रबंधाला तिने विषय घेतला होता सातपुड्यातली रानकेळ. 'वरल्या तळ्याच्या कड्यावर रानकेळ आहे,' असं तिने ठासून लिहिलं. सरांनी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "माझ्या काकांनी डोळ्यांनी पाहिलीय." सर हसले. "काकांची गोष्ट हा पुरावा नव्हे. सोमवारी फोटो, पान, फळ, काहीतरी टेबलावर ठेव. नाहीतर विषय बदल." आता विषय बदलायचा म्हणजे एक वर्ष पाण्यात.

नानांची गोष्ट माहीत नसलेलं माणूस गावात नव्हतं. विशीतला चुडामण माकडवाटेवरून कड्यावर कसा चढला, खाली दरी कशी आ वासून होती, धुक्यातून ती रानकेळ कशी समोर आली, हे नाना गेली बेचाळीस वर्षं ओट्यावर बसून रंगवून सांगत आले होते. ऐकणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली होती.

अडचण एकच होती. नानांनी ती केळ पाहिलीच नव्हती!

माकडवाटेच्या तोंडाशी तेव्हा त्यांचे पाय असे लटपटले, की ते मटकन खाली बसले. पुढे गेला तो त्यांचा दोस्त गनी, एकटाच. तासाभराने परत येऊन त्याने जे सांगितलं, ते डोंगर उतरेपर्यंत नानांच्या तोंडी 'आम्ही पाहिलं' झालं आणि आठवड्याभरात 'मी पाहिलं'. दुसरा कुणी असता तर त्याने चारचौघांत केव्हाच त्यांचं पितळ उघडं पाडलं असतं. गनी अवाक्षर बोलला नाही. त्याचं पुढे गावात वेल्डिंगचं दुकान झालं, दाढी पांढरी झाली, गुडघे कुरकुरायला लागले. पण ओट्यावर ही गोष्ट निघाली की तो मान खाली घालून पानाला चुना लावत बसायचा.

म्हणून त्या सकाळी पिकअपमध्ये बसल्या बसल्या नानांच्या डोक्यात एकच घोळत होतं. ती केळ आज तिथे नसली तर? पोरीचं वर्ष आपल्या बढाईपायी जाणार होतं.

डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर वाटाड्या रुपचंद पावरा त्यांची वाट पाहत उभा होता. काटकुळा, चाळिशीचा, पायात रबरी चपला. त्याने सगळ्यांचं सामान न्याहाळलं. कामिनीच्या पाठीवर सॅक आणि तिच्यात वनखात्याचा परवाना: फोटो, एक पान, एक फळ. गनीच्या खांद्यावर ट्रकचा नायलॉन दोर. नानांच्या एका हातात त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, बांधून दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि दुसऱ्या खांद्यावर चार फुटी लोखंडी पहार! वर एक ओलं पोतं.

"नाना, पहार कशाला?" कामिनी म्हणाली.

"मंग पील कशानं काढू? नखानं?"

पील म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. ते कंदासकट उकरायचं, ओल्या पोत्यात गुंडाळायचं, दुसरीकडे लावायचं. नानांनी जन्मभर अशीच केळी लावली होती आणि त्यांच्या बापानेही.

"पण पुस्तकात लिहिलंय, रानकेळ बियांवर वाढते म्हणून."

"केळीले बी?" नानांनी गनीकडे बघून डोळा मारला. "ऐकलं का रे? आंब्याले कोय, केळीले पील. पुस्तक लिव्हणारानं कधी बाग पाह्यला नसंन."

"चल बाबा, उचल तुझी पहार," गनी म्हणाला. "माझ्याच दुकानातली आहे. वजन मला माहीत आहे. दुपारी रडशील."

दुपारपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. पहिल्या तासातच पहार नानांच्या खांद्यात रुतू लागली. साग आणि अंजनाच्या रानातली वाट आधी सरळ होती, मग ती जी उभी झाली ती झालीच. घसाऱ्यावर पाऊल टाकावं तर दोन पावलं मागे यावं. नाना दोनदा आपटले. गनी एकदा. आपटल्यावर दोघे एकमेकांना शिव्या घालत आणि कामिनी पोट धरून हसत वर थांबे. एका ओढ्यात शेवाळावरून गनीचा पाय सटकला आणि तो बसल्या जागी पाच हात घसरत थेट डोहात! कमरेपर्यंत भिजून उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावरची टोपी मात्र कोरडी होती. पण गुडघा सुजला. तिथून तो लंगडायला लागला.

"परत फिरायचं का, गनीचाचा?" कामिनीने विचारलं.

"फिरतो कसला! मी हळूहळू येतो. तुम्ही व्हा पुढे."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा शेवटचा चढ संपला आणि समोर एकदम तळं उघडं झालं! खाली तापीकाठी माणसं अजून घामाने चिकचिकत असतील, पण इथे अंगावर शहारा येत होता. चहूबाजूंनी पिवळ्या गवताचे उतार, मधोमध गडद हिरवं, निश्चल पाणी, पाण्यावर बुड्या मारणाऱ्या चार-दोन टिबुकल्या, आणि पलीकडच्या काठावर सरळ उठलेला काळा कडा, ज्याच्या माथ्याभोवती धुक्याचा एक पट्टा रेंगाळत होता. कामिनी सरळ पाण्याशी गेली, ओंजळभर प्यायली आणि मागे वळून म्हणाली, "नाना, तुम्ही सांगायचात त्याहून छान आहे."

नानांना भाकरी गोड लागेना.

कड्याच्या पोटातून माकडवाट निघत होती. जेमतेम एक पाऊल मावेल एवढी रुंद. रुपचंदने तिच्या तोंडाशी हात आडवा केला.

"मी कडामा कधी जायेल नही. मोहोळ शे तठे. मोठं आग्या मोहोळ. आवाज नका करज्यात."

तो तोंडाशीच थांबला. काका-पुतणी पन्नासेक पावलं जपून गेल्यावर वाट फुटली. एक कपार डावीकडे वर, एक उजवीकडे. तेवढ्यात धुकं खाली उतरलं आणि हातभर अंतरावरचं दिसेनासं झालं. गनी अजून तळ्याच्या काठानेच लंगडत होता. दोर त्याच्याच खांद्यावर.

"नाना," कामिनी कुजबुजली, "कुठून गेला होतात? डावीकडून की उजवीकडून?"

खरं बोलायची ती वेळ होती. नानांच्या ओठांवर आलंही होतं. पण बेचाळीस वर्षांची सवय जिभेच्या आधी धावली. त्यांनी छाती पुढे काढली.

"उजवीकून."

आणि पोरगी गेली! दोर नाही, चाचपून बघणं नाही; काकांच्या शब्दावर विश्वास ठेवून ती धुक्यात शिरली. दहा पावलं. वीस पावलं. मग एक दगड निसटल्याचा आवाज आला. खड्‌! खड्‌ खड्‌! खाली खूप खोल कुठेतरी तो पाण्यात पडला.

वाऱ्याची झुळूक आली आणि धुकं क्षणभर फाटलं. कामिनी कड्याला पाठ लावून उभी होती. तिच्या पुढची वाट संपली होती. मागचा दगड निसटल्याने परतीच्या वाटेला मोठं खिंडार पडलं होतं. आणि तिच्या डोक्यावर, चार हातांवर, काळ्या घोंगडीएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं!

"नाना," ती मोहोळावरची नजर न काढता म्हणाली, "इथून पुढे वाटच नाहीये. तुम्ही कसे गेला होतात?"

"मी नही गेलतो, पोरी." नाना फाट्यावरूनच म्हणाले. "गनी गेलता. मी खालीच बसेल होतो. भ्यायलो होतो. मी खोटं बोललो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. कामिनी अगदी हळू म्हणाली, "मग आता या."

नानांनी खाली पाहिलं नाही. ते पालथे झाले. साठी उलटलेलं, तूपभातावर पोसलेलं शरीर त्या अरुंद वाटेवर सरपटू लागलं. पहार पुढे ढकलायची, कोपरावर सरकायचं. पहार पुढे, कोपर पुढे. एक माशी येऊन भुवईवर बसली. नाना थिजले. माशी पापणीवर उतरली, नाकावर आली, उडाली. पुन्हा पहार पुढे!

खिंडाराच्या अलीकडे त्यांना एक चीर सापडली. त्यांनी पहारीचं टोक तिच्यात कोंबलं आणि अंगचा सगळा जोर लावून दाबलं. करकर करत लोखंड दगडात रुतलं. चार फुटी पहार खिंडारावर आडवी बसली.

"धर! पाय टाकू नको आधी. हात धर!"

कामिनीने पहार धरली. एक पाऊल. दुसरं पाऊल हवेत! मग नानांचा पंजा तिच्या मनगटावर असा बसला, की दोघं एकदमच मागे ओढली गेली. वर मोहोळावर एक सळसळ गेली, आणि शांत झाली.

दोघं फाट्याशी परत आली तेव्हा गनी दोर घेऊन नुकताच पोचला होता. त्याने दोघांचे पांढरे पडलेले चेहरे पाहिले.

"उजवीकडे कशाला घुसलात?" आणि मग नानांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघून त्याला सगळं कळलं. "सांगितलंस?"

"सांगतलं."

"या अल्ला, सुटलो एकदाचा!" गनी मटकन बसला आणि तोंडावर हात दाबून हसायला लागला. "बेचाळीस वर्षं! पान खाऊन खाऊन दात गेले माझे!"

कामिनीला हसू आवरेना, पण डोळ्यांत पाणीही होतं. "नाना, मी सरांपुढे तुमच्या डोळ्यांची साक्ष दिली होती," ती म्हणाली. नानांनी दोर उचलला, आधी तिच्या कमरेला बांधला, मग स्वतःच्या.

गनीचा गुडघा पुढे जाण्याजोगा नव्हता. तो फाट्याशी पाय रोवून दोर धरून बसला आणि हलक्या आवाजात बेचाळीस वर्षांपूर्वीची वाट सांगू लागला. "डावीकडे वर. आता हाताला एक खोबण लागेल. लागली? तिच्यावर पाय. आता वाकून चला." सगळं जिथल्या तिथे होतं! कपार रुंद झाली, रुपचंदही मागोमाग आला, आणि धुक्यातून हिरवं काहीतरी डोकावलं.

रानकेळ! एक नाही, नऊ! कड्याच्या भेगांत बसलेल्या, ठेंगण्या, बुंधा रांजणासारखा फुगलेला. थंडीने पानं पिवळी पडत चालली होती. एकीच्या शेंड्यातून मात्र तपकिरी पाकळ्यांचा लांबलचक घड खाली लोंबत होता. कामिनी फोटो काढत सुटली. पहार खिंडारातच अडकून राहिली होती, म्हणून नाना गुडघ्यावर बसून बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरायला लागले.

एक बुंधा झाला. दुसरा झाला. तिसरा.

"पील नही," नाना पुटपुटले. "एकालेबी पील नही! मंग ह्या आल्या कुठून?"

"मना आजा सांगे, हाई एकदाव फळस, मंग मरी जास," रुपचंद म्हणाला. "बी पडस. तठेच नवं उगस."

कामिनीने घडातलं एक पिकलं फळ तोडलं आणि मधोमध चिरलं. गर नावाला. आत वाटाण्याएवढं काळंकुळकुळीत बी ठासून भरलेलं! तिने फळ नानांच्या तळहातावर ठेवलं. नानांनी ते बी बोटाने फिरवून फिरवून पाहिलं. आपण आज पील समजून यातली एखादी पहारीने उपटली असती, तर तिचं बी पडलंच नसतं आणि पुढची उगवलीच नसती, हे त्यांना कळलं.

"जल्म केळीत गेला," ते म्हणाले, "आन केळीची ओळख आज झाली."

त्यांनी उकरलेली माती तिन्ही बुंध्यांना परत लावली आणि हाताने थापटली.

सोमवारी कामिनीने सरांच्या टेबलावर फोटो, पान आणि फळ ठेवलं. विषय कायम राहिला. प्रबंधात 'प्रथम माहिती' या सदराखाली तिने नानांना विचारून नाव लिहिलं: गनी मिस्त्री, फैजपूर.

संध्याकाळी ओट्यावर नानांभोवती नेहमीपेक्षा दुप्पट माणसं जमली. नानांनी सगळं अथपासून इतिपर्यंत खरं सांगितलं. केळीत बी असतं म्हटल्यावर गदारोळ झाला, पण नानांनी कामिनीच्या फोनवरचा चिरलेल्या फळाचा फोटो सगळ्यांपुढे फिरवला आणि लोक गप्प झाले. मग नाना म्हणाले, "आन त्या माकडवाटेवर तव्हा माहे पाय लटपटले होते. मी गेलोच नव्हतो. गनी गेलता."

ओटा हसून हसून लोळायला लागला.

"काहीही सांगता, नाना! तुम्ही अन् भिणार?"

"दोस्ताचं नाव मोठं करायला स्वतःकडे कमीपणा घेतात. याला म्हणतात मन!"

नाना घायकुतीला आले. बीचा फोटो होता. भीतीचा फोटो कुठून आणणार? त्यांनी शेवटचा आधार म्हणून गनीचा हात धरला.

"गनी, तू सांग ना यायले!"

गनीने पानाची घडी घातली, ती गालात सारली आणि मान हलवली.

"मी सांगून बघितलं, यार, सकाळी दुकानात," तो म्हणाला. "मलाच खोटारडा म्हणाले."