ओट्यावरचा कांदा आणि खळ्यातला कांदा

एकाच शेतातले, एकाच दिवशी काढलेले दोन कांदे. एकाजवळ किरण मोजायचं यंत्र धरलं तर ते मिनिटाला वीसेक वेळा टकटक करतं. दुसऱ्याजवळ धरलं तर चाळीसच्या घरात. असं का?

हे कोडं आमच्या काळेमळ्यात हर्षल मोगलने घातलं. त्याच्या 'गावचा आरसा' या वाहिनीवर ते आलं आणि दोन दिवसांत आख्ख्या तालुक्यात फिरलं. कारण त्यातला पहिला कांदा साधा होता आणि दुसरा आमच्या विकिरण केंद्रातून आलेला होता.

विकिरण म्हणजे एखाद्या वस्तूवर किरण सोडणं. आमच्या केंद्रात कांद्यावर गॅमा किरण सोडतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते कांद्याच्या आरपार जातात आणि आतल्या कोंबाची वाढ थांबवतात. मग कांद्याला मोड येत नाहीत. चंद्रावरच्या तळावर वर्षातून दोनदाच सामान जातं. तिथल्या माणसांना सहा महिने पुरणारा कांदा २०५८ सालीही गावातूनच न्यावा लागतो, आणि तो आम्ही पाठवतो. मी या केंद्रात तीस वर्षं काम केलं. आता घरी असतो.

हर्षलच्या व्हिडिओनंतर ठरलं की कांदेनवमीला ग्रामसभा घ्यायची आणि केंद्र ठेवायचं की बंद करायचं यावर हात वर करायचे. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून आधी नवमीला पोटभर खाऊन घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या दिवशी सगळं गाव केंद्राच्या आवारात जेवतं. भज्यांच्या कढईपाशी माझी बायको कुमुद असायची. माघात ती गेली. कॅन्सर होता.

माझी नात शालू माझ्याकडे राहते. अकरा वर्षांची आहे. एका सकाळी मी पाहिलं, ती पोह्यांतला कांदा वेचून ताटलीच्या कडेला लावत होती.

"काय गं, कांदा कच्चा राहिला का?"

"नाही."

"मग?"

तिने आणखी एक तुकडा कडेला लावला. तिच्या शेजारी ठोंब्या उभा होता. ठोंब्या म्हणजे शाळेने प्रत्येक मुलाला दिलेला यंत्रमानव. हा जरा हळू चालतो म्हणून शालूने त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. त्यालाच मी विचारलं.

"गावगप्पा गटावर एक मजकूर आहे," ठोंब्या म्हणाला. "वाचू?"

"नको," शालू म्हणाली.

"वाच," मी म्हणालो.

"'केंद्रातले साहेब म्हणतात कांदा चांगला. त्यांच्याच घरात काय झालं ते बघा.' पाठवणाऱ्याचं नाव नाही. सोळाशे जणांनी पुढे पाठवलं आहे."

"आणि मोजून किती जणांनी पाहिलं?"

"एकाने. हर्षल मोगल."

शालूने माझ्याकडे न बघता विचारलं, "आबा, आजी कांद्यामुळे गेली का?"

मी तिला लगेच 'नाही' म्हणू शकलो असतो. पण मी म्हणतो म्हणून तिने ते मानलं असतं, तर ती आणि ते सोळाशे यांच्यात फरक काय राहिला? म्हणून मी म्हणालो, "आपण एकेक गोष्ट बघू. कुरडया कुठे वाळवतो आपण?"

"गच्चीवर. उन्हात."

"ऊन म्हणजे पण किरणच. दिवसभर सूर्याचे किरण खाल्लेली कुरडई रात्री डब्यात ठेवली, तर ती उजेड देते का?"

ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "उजेड नाही देत. पण गच्चीवरून आणतो तेव्हा गरम असते. म्हणजे उन्हाचं थोडं काहीतरी तिच्यात राहतंच ना?"

मला बरं वाटलं. दाखला देऊन वाद मिटवू पाहणाऱ्याला असंच अडवायला हवं.

"बरोबर. दाखल्याने समजायला मदत होते, पण त्याने काही सिद्ध होत नाही. आता खरं कारण ऐक. प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणूच्या मध्यभागी एक गाभा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. काही अणूंचं केंद्रक अस्थिर असतं. ते आपणहून बदलतं आणि बदलताना किरण बाहेर टाकतं. अशा पदार्थाला किरणोत्सर्गी (स्वतः किरण सोडणारा) म्हणतात. केंद्रातला कोबाल्ट धातू तसा आहे, गॅमा किरण त्याच्यातूनच निघतात. तो जाड भिंतींच्या आत असतो, काम नसेल तेव्हा खोल पाण्यात बुडवून ठेवतात. कांदा त्याच्या समोरून जातो, त्याला शिवत नाही."

"पण किरण तर शिवतात."

"शिवतात. पण कांदा किरणोत्सर्गी व्हायचा, तर कांद्यातल्या अणूंचं केंद्रक बदलायला हवं. तेवढी ताकद या किरणांत नसते. कोंबाच्या नाजूक पेशींची वाढ बिघडवण्याइतकीच असते. केंद्रकाला ते धक्काही लावत नाहीत."

"मग यंत्र टकटक का करतं?"

"ते तू सांग. शाळेतलं यंत्र आण."

शाळेतून तिने गायगर गणक (किरण आला की टक असा आवाज करणारं यंत्र) आणला. परसातल्या लाकडी बाकावर साधा कांदा ठेवला आणि शेजारी यंत्र. टक. टक टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक टक.

"हे असं वेडंवाकडं का वाजतं?"

"लाह्या फुटताना पाहिल्या आहेस ना? कधी एक फुटते, कधी पाच एकदम. कुठली कधी फुटेल सांगता येत नाही. पण कढईजवळ बराच वेळ बसलं तर साधारण किती वेगाने फुटतात ते कळतं. म्हणून मिनिटभर ऐकून निकाल द्यायचा नाही. जास्त वेळ मोजायचं आणि सरासरी काढायची. ठोंब्या मोजेल, त्याला दुसरं काय काम आहे?"

"मला ऐकू येतं," ठोंब्या म्हणाला.

साध्या कांद्याची सरासरी आली वीसच्या आसपास. मग केंद्राचा कांदा त्याच बाकावर, त्याच जागी. पुन्हा वीसच्या आसपास. मग मी म्हणालो, "आता बाकावर काहीच ठेवू नकोस आणि मोज."

"काहीच नाही तर काय मोजू?"

"मोज तर."

रिकाम्या बाकावरही वीसच्या आसपासच आली. शालू यंत्राकडे बघत राहिली.

"म्हणजे ही टकटक कांद्याची नाहीच."

"नाही. जमिनीतल्या खडकांतून, हवेतून, वर अवकाशातून थोडे किरण कायम येत असतात. पृथ्वी झाली तेव्हापासून. तुझ्या-माझ्या शरीरातूनही थोडे निघतात. याला पार्श्वभूमीचे किरण (सगळीकडे आधीपासून असलेले किरण) म्हणायचं. ते किती आहेत हे आधी मोजलं नाही, तर बिचाऱ्या कांद्यावर आळ येतो."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच लाल झाला. "म्हणजे हर्षलदादा खोटारडा आहे. ठोंब्या, गटावर लिही, हर्षल मोगल खोटारडा..."

"थांब," मी म्हणालो. "त्याचे आकडे खोटे आहेत हे तू मोजलंस का?"

"त्याला चाळीस आले, आपल्याला वीस."

"त्याला चाळीस आले असतीलच. का आले ते आपल्याला कळलेलं नाही. ते न कळता त्याला खोटारडा म्हटलंस, तर तुझाही व्हिडिओ त्याच्यासारखाच होईल. चल, त्याच्याकडे जाऊ."

हर्षल दारातच उभा राहिला. कृषी महाविद्यालयात शिकलेला, चांगला मुलगा. मला बघून तो अवघडला.

"आबा, ती आजींबद्दलची कमेंट माझी नाही."

"मला माहीत आहे."

"आणि मी काही बनाव केलेला नाही. यंत्राने दाखवलं तेच दाखवलं. साध्या कांद्याशी तुलनासुद्धा केली. लोक तर तेवढंही करत नाहीत."

"म्हणून तर आलो. आम्हाला दाखव कसं मोजलंस."

त्याने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. त्याची आई विमलबाई चहाचं आधण ठेवत होत्या. ओटा काळा, गुळगुळीत, आरशासारखा. हर्षलने केंद्राचा कांदा ओट्यावर ठेवला. टकटक सुरू झाली आणि थोड्या वेळाने ठोंब्याने सरासरी सांगितली. अडतीस.

"बघा," हर्षल म्हणाला.

शालूचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला अंदाज आला होता, पण मी गप्प राहिलो. तिने पुन्हा ओट्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"दादा, साधा कांदा कुठे मोजलास?"

"खळ्यात. त्याच दिवशी काढलेल्यांचा ढीग तिथे होता ना."

"आणि हा इथे?"

"हो. पिशवी घरी आली होती."

शालूने केंद्राचा कांदा उचलला आणि विमलबाईंच्या टोपलीतला साधा कांदा त्याच जागी ठेवला. अडतीस. हर्षल पुढे सरकला. तिने तोही कांदा उचलला. रिकामा ओटा. एकोणचाळीस.

चहा उतू गेला, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे माझा ओटा?" विमलबाई म्हणाल्या.

मग मी बोललो. "आपल्या भागाची जमीन काळ्या पाषाणाची. लाव्हा थंड होऊन झालेला हा खडक. त्यात किरणोत्सर्गी द्रव्य फार कमी असतं, म्हणून आपल्या खळ्यात आकडा कमी येतो. हा ओटा ग्रॅनाइटचा आहे, दूरच्या खाणीतून आलेला. ग्रॅनाइटमध्ये अशी द्रव्यं थोडी जास्त असतात. हर्षल, तू दोन कांद्यांची तुलना केली नाहीस. तू खळ्याची आणि ओट्याची तुलना केलीस."

हर्षलने कपाळाला हात लावला. "दोन गोष्टी एकदम बदलल्या मी. कांदाही आणि जागाही."

"तेवढंच चुकलं. तुलना करताना एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं."

"ते राहू द्या हो," विमलबाई म्हणाल्या. "मी हौसेने बसवला हा ओटा. आता उखडून टाकू का?"

"कशाला उखडता, वहिनी? किरण आहेत का, असा प्रश्नच नसतो. ते सगळीकडे आहेत. किती आहेत, हे विचारायचं. चिमूटभर मीठ आमटीला लागतं, मूठभर टाकलं तर ती ओतून द्यावी लागते. हा ओटा चिमटीतला आहे. उंचावरच्या लडाखमध्ये पिढ्यान् पिढ्या माणसं राहतात, त्यांच्या अंगावर वरून याहून जास्त किरण पडतात."

"बघा बाई. नाहीतर हा उद्या माझ्या ओट्याचा व्हिडिओ टाकायचा."

"टाकणारच आहे, आई," हर्षल म्हणाला. "आधी माझी चूक, मग तुझा ओटा."

त्याने त्याच दुपारी व्हिडिओ केला. शालूला शेजारी उभं केलं. साधा कांदा खळ्यात आणि ओट्यावर, केंद्राचा कांदा खळ्यात आणि ओट्यावर, आणि दोन्ही जागा रिकाम्या. शेवटी म्हणाला, "माझे आकडे खरे होते, पण त्यांचा मी लावलेला अर्थ चुकला. ज्यांनी आधीचा व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवा."

संध्याकाळी शालूने ठोंब्याला विचारलं, "किती जणांनी पाठवला?"

"नव्वद."

"एवढेच? त्याला सोळाशे आणि याला नव्वद?"

"भीती पळत जाते," मी म्हणालो. "हे चालत जाईल. पण जाईल."

आणि ते गेलं, आम्हाला वाटलं नव्हतं अशा रीतीने. दुसऱ्या दिवसापासून बाया विमलबाईंचा ओटा बघायला येऊ लागल्या. मग आपापल्या ओट्याचं माप घ्या म्हणून शालूला बोलावू लागल्या. कुणी पाटा मोजून घेतला, कुणी केळी, कुणी सासऱ्यांना खुर्चीत बसवून त्यांनाच. प्रत्येक घरी शालू आधी रिकामी जागा मोजायची आणि का मोजायची ते सांगायची. नवमी येईपर्यंत गावात 'आधी रिकामं मोजलंस का?' असं लोक एकमेकांना चिडवू लागले होते. ग्रामसभेत केंद्र चालू ठेवण्यासाठी हात वर झाले. सगळे झाले नाहीत, पण पुरेसे झाले.

जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं आवाराच्या कट्ट्यावर बसलो. समोर चंद्रावर जाणाऱ्या कांद्याच्या पेट्या गाडीत चढत होत्या.

"आबा," शालू म्हणाली, "केंद्राच्या कांद्यातून जास्तीचे किरण येत नाहीत हे कळलं. मग आजी कशामुळे गेली?"

"माहीत नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही सांगता आलं नाही. कॅन्सर कशाकशाने होऊ शकतो हे बरंच कळलं आहे. पण एका माणसाला तो नेमका कशामुळे झाला, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. मीही खूप विचारलं."

"गटावर कुणीच असं लिहीत नाही."

"कसं?"

"माहीत नाही, असं."

मग तिने ठोंब्याला जवळ घेतलं आणि स्वतःच गटावर लिहिलं. 'मी शालू. माझ्या आजीबद्दल इथे लिहिलं होतं. केंद्राच्या कांद्यातून जास्तीचे किरण येत नाहीत, हे मी मोजून पाहिलं आहे. आजीला कॅन्सर कशामुळे झाला, ते आम्हाला माहीत नाही.'

मग विमलबाईंनी लिहिलं, 'आमच्या ह्यांचंही तेच. आम्हालाही कधी कळलं नाही.' मग आणखी एकाने लिहिलं, त्याच्या बहिणीबद्दल. मग आणखी एकाने. त्या गटावर इतकी माणसं न भांडता बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शालू सगळं वाचत होती. "हे शोधायचं असेल तर काय मोजायचं?"

"आजार झालेली माणसं आणि न झालेली माणसं. ती काय खातात, कुठे राहतात, कुठे काम करतात. आणि मग जपून तुलना."

"म्हणजे खूप माणसं लागतील."

"हजारो."

"आणि खूप वर्षं."

"हो," मी म्हणालो. "ती तुझ्याकडे आहेत."