ब्रेक कुणी मारला?

"मावशी, ब्रेक का मारलास?" कस्तुरी किंचाळली.

"मी नाही मारला! माझा पाय तिथे नव्हताच!"

तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला आणि अख्खी गाडी पुढे ढकलली गेली. मागून येणाऱ्या व्हॅनने ठोकलं होतं.

ईस्टरच्या सुट्टीचा पहिला आठवडा होता. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या स्विमिंग पूलला चौघं निघाली होती. गाडी चालवत होती अरुणामावशी. तिच्या शेजारी तेरा वर्षांची कस्तुरी, मागे तिचा धाकटा भाऊ साकेत आणि शेजारच्या घरातली सारा. समोरचा रस्ता मोकळा होता, पार पुढच्या राउंडअबाउटपर्यंत मोकळा! आणि तरी त्या मोठ्या, नव्या एसयूव्हीने स्वतःहून असा ब्रेक मारला की सगळ्यांच्या छातीत सीटबेल्ट रुतले.

"साकेत!" सारा ओरडली. "रक्त येतंय!"

साकेत स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होता. बाटली त्याच्या तोंडावर आदळली होती. ओठाला टाके पडले.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आला तो थेट स्वयंपाकघरात, बूटसुद्धा न काढता.

"अरुणाताई, गॅरेजवाल्यांनी दुपारी गाडी तपासली. चालवूनही पाहिली. काहीही बिघाड नाही म्हणतात."

"अजय, ती आपोआप थांबते. या आठवड्यातली ही तिसरी वेळ."

"एरवी मी रोज तीच गाडी चालवतो. माझ्या हातून एकदाही असं झालेलं नाही. तुम्हाला बर्मिंगहॅममध्ये छोट्या गाडीची सवय. इथे घाबरून पाय पडत असेल ब्रेकवर. पडतो माणसाचा."

"माझा पाय कुठे असतो ते मला कळतं!"

"साकेतचा दात गेला असता! ते काही नाही. उद्यापासून मुलं तुमच्याबरोबर गाडीत बसणार नाहीत."

मावशीने हातातला चहाचा कप सिंकमध्ये ठेवला. प्यायलेला नव्हता, तरी ठेवला. "मग मी इथे राहून काय करू? शनिवारच्या ट्रेनने जाते."

कस्तुरी आणि साकेत दारात उभी राहून ऐकत होती. आई गेली त्याला वर्ष झालं होतं. अरुणामावशी आईची मोठी बहीण. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची आणि शाळेची प्रत्येक सुट्टी या दोघांबरोबर काढायची. ती आली की घरात पुन्हा कुणीतरी मोठ्याने हसायचं. आता ती जाणार होती, आणि अशी गेली तर पुन्हा येणार नव्हती. हे दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साराच्या बागेतल्या ट्रॅम्पोलिनवर तिघं बसली होती. कुणी उडी मारत नव्हतं.

"तुझे बाबा ऑफिसमध्ये नक्की काय करतात?" साराने विचारलं.

"सॉफ्टवेअर टेस्ट करतो. लोक म्हणतात, हे बिघडलंय. मग बाबा ते स्वतः करून बघतो. त्याच्याकडे बिघडलं नाही, की लिहून टाकतो 'नॉट रिप्रोड्युसिबल', म्हणजे पुन्हा घडवता आलं नाही. तक्रारीचं तिकीट बंद!"

"म्हणजे तुमचा प्रॉब्लेम, तुम्ही बघा?"

"अगदी तेच! आणि मावशीचं पण तिकीट बंद केलं त्याने!" कस्तुरीने ट्रॅम्पोलिनवर मूठ आपटली. तिघंही जरा वर उडाली.

"आऊ! माझी ओठ!" साकेत म्हणाला.

"माझा ओठ. आणि बोलू नकोस, टाके तुटतील."

"बोलणार! मला एक आयडिया आलाय. आपण रिप्रोड्यूस करू. बाबाच्या समोर."

सारा एकदम ताठ बसली. "ओके. तिन्ही वेळा काय काय झालं ते आठवा. पहिली वेळ?"

"आमच्याच रस्त्यावर. बिन डे होता. सगळ्यांचे कचऱ्याचे डबे बाहेर होते," कस्तुरी म्हणाली.

"आणि दुसरा वेळ बस उभी होती स्टॉपवर," साकेत म्हणाला. "आपण तिच्या बाजूने चाललो होतो. खूप जागा होता."

"आणि काल पोस्टाची व्हॅन होती. कडेला लावलेली. मी तिच्याकडेच बघत होते," सारा म्हणाली. "अरे! तिन्ही वेळा डावीकडे काहीतरी उभं होतं! समोर नव्हतं, कडेला होतं!"

"डावीकडे नेहमीच काहीतरी उभा असतो," साकेत कुरकुरला. "मग बाबा जातो तेव्हा गाडी का नाही थांबत?"



मग तिघांनी ठरवलं, बाबाबरोबर फिरायचं. तो संध्याकाळी भाजी आणायला निघाला तेव्हा तिघंही गाडीत घुसली.

"मेथी आणायला तिघं?" बाबाने विचारलं.

"मला मेथी फार आवडते, काका!" सारा म्हणाली. तिला मेथी मुळीच आवडत नव्हती.

मागचा बंपर चेपलेला होता, पण गाडी नीट चालत होती. डावीकडे व्हॅन आली, गेली. बस आली, गेली. काही झालं नाही. कस्तुरीचा चेहरा पडला. पण सारा कान टवकारून बसली होती.

ती हळूच म्हणाली, "आज टिंग-टिंग वाजत नाहीये."

खरंच! मावशी चालवायची तेव्हा गाडी सतत कटकट करायची. वेग जरा वाढला, टिंग. पांढऱ्या रेषेजवळ गेली, टिंग. मावशी तिला "गप गं बाई" म्हणायची. बाबाबरोबर गाडी गप्प होती.

दुकानातून परत निघताना तिघांनी डोळे फाडून बाबाच्या हातांकडे पाहिलं. बेल्ट लावला. गाडी सुरू केली. आणि त्याचा अंगठा स्टिअरिंगवरच्या एका बटणावर गेला. त्याने ते चांगलं दाबून धरलं. समोरच्या स्क्रीनवर एक नारिंगी चित्र उमटलं.

"बाबा, काय दाबलंस?"

"कुठे काय?"

"आत्ता! अंगठ्याने!"

बाबाने स्वतःच्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "हां, ते होय. त्याने कटकट बंद होते. गाडी सुरू केली की दर वेळी पुन्हा चालू होते ना, म्हणून दाबतो."

"कटकट बंद होते, की आपोआप लागणारा ब्रेकही बंद होतो?"

"छे! फक्त आवाज बंद होतो."

"बघितलंयस तू?"

"कस्तुरी, पुरे. गॅरेजवाल्या माणसांनी बघितलीय गाडी. ती काय वेडी आहेत?"

"मग मावशी वेडी आहे?" कस्तुरीचा आवाज चढला. "आईला पण सगळे असंच म्हणाले होते! आई म्हणत होती, माझ्या पोटात काहीतरी वेगळं होतंय. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. तू म्हणालास, जरा आराम कर. सगळे म्हणाले, काही नाही, काही नाही! आणि होतं!"

सारा खिडकीबाहेर बघत राहिली. साकेतने मेथीची पिशवी पोटाशी धरली.

बाबाने इंजिन बंद केलं.

"उद्या गॅरेजला जाऊ," तो शेवटी म्हणाला. "सगळे. अरुणाताईंनाही घेऊन."

गॅरेजचा मॅनेजर होता मिस्टर हॉलिस. चकाचक बूट, हातात कॉफी. त्याने आधी मुलांकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहून गोड हसला.

"मॅडम, असं पुष्कळांचं होतं. मोठ्या गाडीची भीती वाटते. आमच्याकडे धीट ड्रायव्हिंगचा छोटा कोर्सही आहे."

मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती काही बोलणार तेवढ्यात कस्तुरी पुढे झाली. तिचा राग आता थंड झाला होता. असा राग जास्त कामाचा असतो.

"मिस्टर हॉलिस, तुम्ही घाबरत नाही ना?"

"मी?" तो हसला. "वीस वर्षं गाड्या विकतोय."

"मग तुम्हीच चालवून दाखवा. मागच्या यार्डात. ती निळी गाडी उभी आहे ना, तिच्या बाजूने जायचं. बस्स."

"ती माझी गाडी आहे."

"मग तर तुम्ही तिला धक्का लावणारच नाही!" सारा म्हणाली.

हॉलिस खुशीत स्टिअरिंगवर बसला. शेजारी बाबा, मागे कस्तुरी आणि साकेत. मावशी आणि सारा यार्डाच्या कडेला उभ्या राहिल्या. हॉलिसने बेल्ट लावला, गाडी सुरू केली, आणि त्याचा अंगठा आपसूक त्या बटणावर गेला.

"थांबा!" कस्तुरी ओरडली. "तुम्ही काय दाबलंत?"

"हे? कटकट बंद करायला. आम्ही सगळेच दाबतो."

"परवा गाडी तपासणाऱ्या माणसानेही दाबलं होतं?"

"अर्थात. नाहीतर डोकं उठतं."

बाबा हळूच पुढे वाकला. स्क्रीनवरच्या नारिंगी चित्राला त्याने बोट लावलं. पूर्ण वाक्य उमटलं: आपत्कालीन ब्रेक बंद आहे.

बाबा ते वाक्य वाचतच राहिला. मग म्हणाला, "आपण सगळ्यांनी तो बंद करून तपासला. आणि मग म्हणालो, तो बिघडलेला नाही."

"दाबू नका आता," कस्तुरी म्हणाली. "चालवा."

हॉलिसने खांदे उडवले. गाडी निघाली. निळी गाडी डावीकडे उभी होती. मध्ये एक अख्खी गाडी मावेल एवढी जागा होती. वेग वाढला, निळी गाडी जवळ आली, आणि—

खाड! एसयूव्ही जागच्या जागी थांबली. हॉलिसची कॉफी पांढऱ्या शर्टावर सांडली.

"मी ब्रेक मारला नाही!" तो ओरडला. "माझा पाय तिथे नव्हताच!"

"हो का?" साकेत मागून म्हणाला. "पुष्कळांचा असं होते. मोठा गाडीची भीती वाटतो."

ओठ दुखत असूनही तो हसला.

बाबा मात्र हसला नाही. तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून पुढे आला आणि काचेच्या वरच्या कडेकडे बघत उभा राहिला. आरशामागे एक छोटा कॅमेरा होता. त्याच कॅमेऱ्याने बघून गाडी ब्रेक लावायची.

"फेब्रुवारीत दगड लागून आमची काच तडकली. तुम्ही नवी बसवलीत. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर पुन्हा सरळ लावावी लागते. लावली होती?"

हॉलिस शर्ट पुसत राहिला.

"मी विचारतोय, लावली होती?"

"ती लावायचं मशीन तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं. समोर कुठला लाल दिवाही लागला नाही. आम्हाला वाटलं, ठीक असेल."

"वाटलं?" बाबाचा आवाज यार्डभर घुमला. गॅरेजमधली माणसं हातातली कामं सोडून बाहेर आली. "कडेची गाडी याला समोर दिसते! मागे मोठा ट्रक असता तर? माझी मुलं होती आत! माझी मुलं आणि त्यांची मावशी! आणि तुम्ही तिला कोर्स विकताय?"

हॉलिसचा चेहरा शर्टासारखाच डागाळला. तो पुटपुटला, "मुलांनी फारच हुशारीने शोधून काढलं. कौतुक आहे. खरंच."

"शाब्बास!" बाबाही वळून म्हणाला. "कस्तुरी, साकेत, सारा. मी वर्षानुवर्षं हेच काम करतो आणि मला..."

"शाब्बास नंतर," कस्तुरी म्हणाली. "आधी मावशीला सॉरी म्हण. हळू नको. परवा किती मोठ्याने बोलला होतास?"

बाबा मावशीसमोर गेला. सगळी माणसं बघत होती.

"अरुणाताई, तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही. चूक माझी."

"हो, तुमचीच," मावशी म्हणाली. "शनिवारी मी जात नाही. पोरांसाठी राहतेय. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, एवढं लक्षात ठेवा."

"ठेवतो."

मग मावशी हॉलिसकडे वळली. "ते मशीन नव्हतं तेव्हा आणखी किती गाड्यांच्या काचा बदलल्या?"

"बघावं लागेल. काही असतील."

"बघा. आणि त्यांना फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. मी इथे बसलेय."

ती शोरूममधल्या सोफ्यावर बसली. तिच्या एका बाजूला कस्तुरी, दुसऱ्या बाजूला साकेत, आणि सारा सोफ्याच्या हातावर. बाबा उभाच राहिला. हॉलिसने ओल्या शर्टातच फोन स्पीकरवर लावला. पहिल्या माणसाने आभार मानून फोन ठेवून दिला. दुसऱ्या फोनवर एका बाईचा आवाज आला. म्हातारा, थकलेला आवाज.

हॉलिस म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीच्या ब्रेकबद्दल जरा..."

बाई मध्येच म्हणाली, "महिनाभर सांगतेय मी घरात, ती आपोआप थांबते म्हणून. सगळे म्हणतात, तुझं वय झालं. मी किल्ली देऊन टाकली मुलाला."

मावशी उठली. तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

"तुमचं वय झालेलं नाही," ती म्हणाली. "गाडी बिघडली आहे. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. मुलाला फोन द्या, मी सांगते त्याला."