त्रेचाळिसावं झाड

"तंबू राहू दे रे! आधी आईला पाणी घालून येते," सुरुची म्हणाली आणि दोन बाटल्या काखेत मारून टेकडी चढू लागली.

आई म्हणजे ताम्हणाचं रोप. सुरुचीची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा बाबांनी कर्वेनगरच्या मागच्या टेकडीवरच्या स्मृतिवनात ते लावलं होतं. गेलेल्या माणसांच्या नावानं तिथं बेचाळीस झाडं होती आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी होती. 'सौ. सुनीती' ही पाटी उन्हानं फिकी पडली होती. तीन आठवडे सुरुची रोज बाटल्या नेत होती, कारण वनातला पंप बंद पडला होता आणि मे महिना कुणाच्या आईची गय करत नाही.

केयूर आणि श्रद्धा सुट्टीत टेकडीवर ठोकायच्या तंबूचं गाठोडं ओढत मागून आले. केयूरचे बाबा हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्रातलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत. श्रद्धाच्या बाबांचं, मच्छिंद्रकाकांचं, नाक्यावर बॅटऱ्यांचं दुकान होतं. तिला खरोखरच कळायचं, पण ती बोलून दाखवत नसे.

फाटकावर नवी सूचना लटकत होती. 'काळजीवाहकाच्या हलगर्जीपणामुळे सोलरच्या बॅटऱ्या मेल्या आहेत. त्याच्याबाबत रविवारच्या सभेत निर्णय होईल. तोवर कोणी चौकशी करू नये. – सचिव.'

"चौकशी करू नये म्हणतायत," केयूर म्हणाला. "म्हणजे करायलाच हवी."

काळजीवाहक रंगराव तेवढ्यात खालच्या टाकीवरून कळशी घेऊन वर आले. वय सत्तरीकडे झुकलेलं, बुलढाण्याकडची बोली अजून तोंडात. टेकडीवरच्या एका खोलीत ते एकटेच राहत. धापा टाकत त्यांनी अर्धी कळशी एका झाडाला घातली, अर्धी दुसऱ्याला, आणि पुन्हा उताराला लागले.

"रंगरावआजोबा, तुम्ही सगळ्या झाडांना असंच घालता?" सुरुचीनं विचारलं.

"पाटीवाली बेचाळीस. एकवीस खेपा," ते म्हणाले. "पंप चालू होता तवा पहाटं बटण दाबलं का झालं."

"रविवारी ते तुम्हाला काढणार?"

"काढतीन. चूक माहीच हाय पोरी." त्यांनी कळशी खाली ठेवली. "मार्चात बॅटरीचं पाणी संपलं. सचिवसाहेबायले तीनदा मांगलं. ते म्हणाले, बॅटरीचं पाणी पिता का तुम्ही? मंग म्या एक डाव नळाचं पाणी टाकलं. त्याच्यानंच मेल्या त्या."

एवढं बोलून ते खाली गेले. सुरुचीनं ती सूचना पुन्हा वाचली. टेकडी सुटली तर हा माणूस जाणार कुठे, हे त्या सूचनेत लिहिलेलं नव्हतं.

"चला, बॅटऱ्या बघू," श्रद्धा म्हणाली. "आणि केयूर, आत काडी-बिडी ओढायची नाही. बॅटरीतून गॅस निघतो, भडका उडतो."

"मी काय बिडी ओढतो?"

"तुझा भरवसा नाही."

खोलीच्या छपरावर सोलरच्या आठ काचा होत्या. टेकडीवर विजेचे खांब नाहीत, म्हणून दिवसभर उन्हाची वीज बॅटऱ्यांत साठायची आणि पहाटे पंप चालायचा. खोलीतल्या लोखंडी घोडीवर चार बॅटऱ्यांची जागा होती. बॅटऱ्या मात्र दोनच होत्या. रंगरावांनी त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं १ आणि २ असे आकडे घातले होते. दसऱ्याचं हळदकुंकू अजून पुसलं नव्हतं. दोन्हींची पोटं फुगली होती.

"तीन आणि चार कुठे गेल्या?" श्रद्धा पुटपुटली.

सुरुची भिंतीकडे बघत होती. भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या, महिनावार. बॅटऱ्यांना घातलेल्या पाण्याची प्रत्येक बाटली रंगरावांनी तिथं मांडली होती. भाद्रपदापर्यंत चार बॅटऱ्यांना मिळून महिन्याला दोन रेघा. त्यानंतर दोनच बॅटऱ्यांना चार, मग पाच, मग सात.

"निम्म्या बॅटऱ्या आणि तिप्पट पाणी?" केयूर म्हणाला. "हे गणित उलटं आहे."

रंगराव पुढची खेप घेऊन आले तेव्हा तिघांनी विचारलं. "तीन-चार साहेबायनं गणपतीत नेल्या. दुरुस्तीले, म्हणे," ते म्हणाले. "तवापासून ह्या दोघी लय पाणी पिऊन राहिल्या. म्या सांगतलं, कोनी ऐकलं नाही."

तासाभरात तिघं मच्छिंद्रकाकांच्या दुकानात होती. श्रद्धानं सगळं सांगितलं. काकांनी हात पुसले.

"एका बॅटरीवर कंपनीनं ताकदीचा किती आकडा छापला होता?"

"शंभर."

"मग तिला भरताना दहाच्या आसपास करंट द्यायचा. आकड्याचा दहावा भाग. चार बॅटऱ्या असतील तर चाळीस. आठ काचा भर उन्हात तेवढा देतात, म्हणजे बसवणाऱ्यानं हिशोब बरोबर केला होता."

"आणि दोन काढून नेल्या तर?" सुरुचीनं विचारलं.

"काचांना काय कळतंय दोन गेल्या ते? त्या चाळीसच देणार. प्रत्येकीच्या वाट्याला दहाऐवजी वीस. तान्ह्या बाळाला घटाघट दूध पाजलं तर काय होईल? बॅटरी तापते, आतलं पाणी उकळल्यागत उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात. मग संपली."

"पण त्यांनी एकदा नळाचं पाणी घातलं होतं."

"चांगलं नाही ते. पण एका वेळेनं बॅटरी मरत नाही." काका जरा थांबले. "उलट तो माणूस भरत राहिला म्हणून मेपर्यंत टिकल्या. नाहीतर संक्रांतीलाच गेल्या असत्या."

ज्यानं बॅटऱ्या जगवल्या, त्यालाच त्या आपण मारल्या असं वाटत होतं.

आता तीन आणि चार शोधायच्या होत्या. सचिव श्रीधरकाका सुरुचीच्याच सोसायटीत राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. ते मूळचे शनिवार पेठेतले, आणि तिथल्या आपल्या मंडळाबद्दल त्यांनी बोलायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. गेल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यांच्या रथावर किती दिवे होते, हे सगळ्या जिन्यानं चारचारदा ऐकलं होतं.

"दिवे होते," केयूर सावकाश म्हणाला, "तर ते कशावर लागले?"

शनिवारी सकाळी तिघं बसनं शनिवार पेठेत पोचली. मंडळाच्या गोदामाबाहेर वैजनाथ नावाचे कार्यकर्ते पेपर वाचत बसले होते.

"वर्गणी द्यायला आलात?" त्यांनी पेपरातून मान न काढता विचारलं. "नसेल तर रस्ता मोकळा आहे."

"आम्ही सुट्टीत मंडळांची माहिती जमवतोय," केयूर म्हणाला. "तुमच्या रथाची रोषणाई सगळ्यात भारी होती म्हणतात. पण आमच्या सोसायटीतले एकजण म्हणतात, एवढे दिवे शक्यच नाहीत, थाप आहे."

पेपर खाली आला. "थाप? या, दाखवतो."

रथाच्या चाकांमागे फाटक्या कनातीखाली दोन बॅटऱ्या होत्या, धुळीनं माखलेल्या. श्रद्धानं रुमालानं धूळ पुसली. पांढरा ३. पांढरा ४. वर आदल्या वर्षीच्या कुंकवाचा वाळलेला डाग.

"आमच्या नाहीत या," वैजनाथ म्हणाले. "श्रीधरपंतांनी दिल्या होत्या. न्यायला येतो म्हणाले, ते अजून येतायत."

"उद्या सकाळी आमच्याबरोबर तुम्ही आणाल का त्या?" सुरुचीनं विचारलं. "एका माणसाचं घर जाणार आहे हो." मग तिनं सगळं सांगितलं. वैजनाथांनी पेपराची घडी घातली आणि टेम्पोची किल्ली शोधायला लागले.

रविवारी दहा वाजता स्मृतिवनाच्या फाटकापाशी सभा भरली. पंचवीसेक माणसं होती. श्रीधरकाकांनी 'हलगर्जीपणा' हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला, तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. वैजनाथ आणि मच्छिंद्रकाकांनी दोन बॅटऱ्या उतरवून सभेच्या मधोमध ठेवल्या.

श्रीधरकाकांचा चेहरा उतरला.

सुरुची उभी राहिली. चार बॅटऱ्यांचा चाळीस, दोघींना मिळालेला तोच चाळीस, भिंतीवरच्या रेघा, तीनदा मागूनही न मिळालेलं पाणी, सगळं तिनं सांगितलं. मच्छिंद्रकाका फक्त एवढंच म्हणाले, "पोरगी अक्षर न् अक्षर खरं बोलते."

श्रीधरकाका बराच वेळ त्या पांढऱ्या आकड्यांकडे बघत राहिले. "दुसऱ्या दिवशी आणणार होतो," ते शेवटी म्हणाले. "राहून गेलं. मग विसरलो. मग आठवलं, तेव्हा सांगायची लाज वाटली." त्यांनी स्वतःच्या हातानं सूचना काढली. "नव्या बॅटऱ्या मी आणतो. रंगराव इथंच राहतील."

टाळ्या वाजल्या. सुरुचीच्या बाबांनी तिला जवळ घेतलं. "मोठ्यांना सुचलं नाही ते मुलांनी शोधलं," असं तिघाचौघांनी म्हटलं, केयूरनं कॉलर ताठ केली आणि श्रद्धानं ती खाली ओढली.

रंगराव मात्र सभेत नव्हते. सुरुची रोजच्या बाटल्या घेऊन वर धावत गेली.

वनाच्या अगदी टोकाला, जिथं एकही पाटी नव्हती, तिथं ते उकिडवे बसले होते. समोर दगडांचं गोल आळं होतं. त्यात चाफ्याची वाळलेली काठी उभी होती.

"आजोबा, तुमची चूक नव्हती! नळाच्या पाण्यानं काही झालं नाही. तुमच्यामुळेच त्या इतक्या टिकल्या. तुम्हाला कुणी काढणार नाही."

"खरं?" त्यांनी वर बघितलं. मग हळूच मान हलवली. "बरं झालं पोरी. मले झोप येत नव्हती." आणि पुन्हा ते त्या काठीकडे बघत राहिले.

"हे कुणाचं झाड?"

"मुक्ताईचं. माही बायको. तीन वर्सं झाले."

"पाटी नाही?"

"पाटी कायले? मले माहीत होतं ना."

सुरुची त्यांच्याशेजारी बसली. एकवीस खेपा, बेचाळीस झाडं. बाविसावी खेप त्या म्हाताऱ्या पायांत उरली नव्हती. "मग आधी हिला का नाही घातलं?"

"त्या झाडायची माणसं विचारायले येतीन, आमचं झाड कसं मेलं म्हनून. हिचं विचारनारा मीच."

सुरुचीला रडू आवरेना. रडता रडता तिला एक गोष्ट आठवली आणि ती दचकली. ती रोज बाटल्या घेऊन यायची, तेव्हा आईच्या झाडाखालची माती आधीच ओली असायची.

"आजोबा, आईला तर मी पाणी घालत होते. तुम्हाला दिसत होतं. मग तुम्ही रोज अर्धी कळशी तिथं कशाला घातली? ती मुक्ताईआजीला घालायची ना."

रंगरावांनी आळ्यातला एक दगड सरळ केला.

"तू लहान हायस," ते म्हणाले. "एखाद दिवस नसती आली तर?"

खाली तिला हाका मारत होते, पेढे आले होते. सुरुची गेली नाही. आईसाठी आणलेल्या बाटल्या तिनं उघडल्या आणि दोन्ही त्या वाळलेल्या काठीच्या बुडाशी ओतल्या. माती सगळं पाणी पिऊन गेली. रंगरावांनी तिला थांबवलं नाही.