चारच्या गिनतीला एक जास्त

पटत नसेल तर इथेच थांबा. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण आहे, व्हर्ना कल्पेपर. आणि जिथे घडलं त्या तुरुंगाच्या फाटकावर मी स्वतः सहा वर्षं पहारा केलाय. टेक्सासच्या पूर्वेला, पाइनच्या जंगलात. केंद्र सरकारचा तुरुंग, पण हलक्या बंदोबस्ताचा. कोठड्या नाहीत, गज नाहीत. लांबच लांब बराकी, छातीएवढ्या भिंतींचे खण, आणि खणाखणात दोन पलंग.

तारीख चौदा ऑगस्ट. गुरुवार. वेळ चारची.

दुपारचे चार. भुतं अंधाराची वाट बघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारी तुरुंग बघितलेला नाही.

पेपरात फोटो छापून आलेली माणसं इथे यायची. लाच खाऊन आलेला एका गावाचा महापौर स्वयंपाकघरात पातेली घासायचा. चर्चचा पैसा पळवणारा पाद्री संडास धुवायचा. बाहेरचे लोक म्हणायचे, तुरुंग कसला, आरामघर आहे ते. म्हणणाऱ्यांच्या पोटात तिथे एकदा दुखायला हवं होतं.

लेमार थिगपेनच्या पोटात दुखलं.

साठीचा ट्रक ड्रायव्हर. सुटायला आठ महिने राहिलेले. फोटो कुठेच छापून न आलेला. सेहेचाळीस नंबरच्या खणात राहायचा, त्या महापौराबरोबर.

त्या गुरुवारी सकाळी साडेअकराला तो व्हर्नाच्या टेबलापाशी आला. कमरेत वाकलेला. एक हात पोटावर.

"मिस कल्पेपर, दवाखान्यात फोन लावा ना. आत काहीतरी फाटल्यासारखं वाटतंय."

व्हर्नाची सलग दुसरी पाळी होती. माणसं कमी, म्हणून वरच्यांनी बळेच थांबवलेली. त्याच आठवड्यात तिने दोनदा दवाखान्यात फोन करून शिव्या खाल्ल्या होत्या, सोंगाडे कैदी पाठवते म्हणून.

"आज कोंबडीचा दिवस आहे, लेमार. तंगडी खा, बरं वाटेल."

"माझी तंगडी महापौराला दिली, मिस."

गुरुवारची तंगडी त्या तुरुंगात कोणी कोणाला देत नाही. त्या तंगडीवरून डोकी फुटलेली मी बघितली आहेत. व्हर्नाला तिथेच कळायला हवं होतं.

ती म्हणाली, "चारची गिनती होऊ दे. गिनतीला सरळ उभा राहून दाखव. मग बघू."

"उभा राहिलो की फोन लावाल?"

"उभा राहा. मग बघू."

तो भिंतीला धरत धरत गेला.

चार वाजता घंटा झाली. देशभरातल्या अशा सगळ्या तुरुंगांत चारची गिनती उभ्याने होते. प्रत्येकाने आपल्या खणाच्या तोंडाशी उभं राहायचं, चकार शब्द काढायचा नाही. दोन पहारेकरी एकामागून एक मोजत जातात. दोघांचा आकडा जुळला आणि कागदाशी बसला की सुटका.

व्हर्नाबरोबर बीस्ली होता. हा बीस्ली जन्मात कधी मोजत नसे. व्हर्नाचा आकडा ऐकायचा आणि तोच ठोकायचा.

व्हर्नाच्या हातात मोजायचं यंत्र होतं. मुठीत मावतं. अंगठ्याने दाबलं की, टक... एक माणूस.

टक... टक... टक...

चाळीस नंबरच्या पुढे गेल्यावर तिला वाटलं, कान बसले. डोक्यावर पंखे फिरत होते. पण पंख्यांचा आवाज नव्हता.

पंचेचाळीस. टक, टक.

सेहेचाळीस.

महापौर उभा होता, अंगावर ओला अॅप्रन. शेजारी लेमार. सरळ. ताठ. हात बाजूला. पोटावर नाही.

तिला बरं वाटलं. म्हणजे सोंगच होतं तर.

टक, टक.

एकशे अठ्ठेचाळीस. बरोबर.

गिनती सुटली. मिनिटभरात सेहेचाळीसमधून किंकाळी आली.

व्हर्ना धावली. महापौर भिंतीला चिकटून उभा. लेमार पलंगावर, गुडघे पोटाशी घेतलेला. तिने हात लावला...

लाकूड.

थंड, ताठ लाकूड.

"मी भांडी घासून धावतपळत आलो, मिस. घंटा झाली आणि नुसता येऊन उभा राहिलो," महापौराचे दात वाजत होते. "तो माझ्या शेजारी उभा होता. खरंच होता. खांद्याला खांदा लागत होता. पण... माझ्या मागे पलंगावर कोणीतरी झोपलेलं होतं. मला वाटलं, बघावं. पण गिनतीत मान वळवली तर शिक्षा."

बाहेरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, पोटातला अल्सर फुटला. मेला तो दुपारी एकच्या सुमारास. साडेअकराला दवाखान्यात नेला असता तर जगला असता.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन रॅटलिफने व्हर्नाला आत बोलावलं. समोर टाइप केलेला कागद.

"सही कर. चारच्या गिनतीला तो उभा होता. म्हणजे चारला जिवंत होता. नंतर अचानक गेला. कोणाची चूक नाही."

"साहेब, डॉक्टर म्हणतो एक वाजता..."

"डॉक्टर तिथे होता का?"

"नव्हता."

"तू होतीस. तू त्याला उभा बघितलंस की नाही?"

"बघितलं."

"मग खरं तेच लिहायचंय. अडचण काय आहे?"

बघा बरं का. तिने जे डोळ्यांनी बघितलं, त्याच्यावर सही केली की एक मेलेला माणूस तीन तास जिवंत राहणार होता. फक्त कागदावर. साहेबांच्या सोयीसाठी.

तिने विचार करायला वेळ मागितला. पेन्शनला चौदा महिने उरलेले.

त्या दिवशी चार वाजता कागदावर आकडा होता एकशे सत्तेचाळीस. लेमारचा पलंग रिकामा. गादी गुंडाळून ठेवलेली.

व्हर्ना मोजत गेली. चाळीसनंतर पंखे मुके झाले. सेहेचाळीसपाशी महापौर एकटा उभा. तिने एकदाच अंगठा दाबला...

टक.

टक.

शेवटी आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस.

"पुन्हा मोज," बीस्ली म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिचा आकडा उचलला नाही.

पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. रॅटलिफ स्वतः आला. त्याने मोजले. एकशे सत्तेचाळीस. व्हर्नाने मोजले. एक जास्त.

कैदी दीड तास उभे. मागून कोणीतरी ओरडलं, "मिस, बोटं कमी पडत असतील तर आमची घ्या!"

दुसरा म्हणाला, "ती थिगपेनलाही धरतेय रे."

कोणी हसलं नाही.

शनिवार. रविवार. सोमवार. सुटीच्या दिवशीही तिला ड्यूटीला बोलावलं. आणि रोज एक जास्त.

सोमवारी तिने यंत्र बीस्लीकडे दिलं आणि बोटाने मोजायला लागली. बीस्ली चार पावलं मागे होता, यंत्र हातरुमालात गुंडाळून खिशात ठेवलेलं. सेहेचाळीसपाशी त्याच्या खिशातून आवाज आला.

बीस्लीने तिथल्या तिथे ते फेकून दिलं. व्हर्नाने उचललं. बर्फासारखं गार.

महापौर समोर बघत होता. ओठ न हलवता पुटपुटला, "तो तुमच्याकडे बघतोय, मिस. फक्त तुमच्याकडे."

त्या संध्याकाळी गाड्या लावतात तिथे एक बाई तिची वाट बघत उभी होती. चर्चला घालतात तसा निळा झगा, पायात नर्सचे बूट.

"मी ओडेसा थिगपेन. लेमार माझा भाऊ. तुम्ही त्याला शेवटचं बघितलंत म्हणे."

व्हर्नाने पर्समधून गाडीची चावी काढली.

"तुमचे साहेब म्हणतात, चारला ठणठणीत उभा होता. डॉक्टर म्हणतो, सापडला तेव्हा ताठ झाला होता. तुम्हीच सांगा बाई, ताठ झालेला माणूस उभा राहतो का?"

"मी... मी त्याला बघितलं."

"बघितलंत?" ओडेसा जवळ आली. "तो किती वेळ तसा पडला होता, एवढंच मला कळू द्या. बाकी मला काही नको. आमच्या आईला रोज वाटतं, पटकन गेला. मी तिला तेच सांगत राहू का?"

व्हर्ना गाडीत जाऊन बसली. चावी फिरवायला पंधरा मिनिटं लागली तिला.

मंगळवारी तिने रॅटलिफच्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद ठेवला. 'चौदा तारखेला मी फेरी मारलीच नाही. ऑफिसात बसून आकडा टाकला. लेमार थिगपेन चार वाजता उभा होता की नाही, मला माहीत नाही.'

धडधडीत खोटं. पण त्या तुरुंगातून खरं बाहेर काढायला तेवढाच एक रस्ता उरला होता.

"वेडी झालीस का?" रॅटलिफ ओरडला. "खोटी गिनती म्हणजे नोकरी गेली! पेन्शन गेली! खटला भरेन मी!"

"भरा, साहेब."

ती निघताना बीस्ली म्हणाला, "स्वतः तर बुडालीस, मलाही बुडवलंस, भवाने." त्याचंही खरं होतं.

तिने बिल्ला, चाव्या, यंत्र, सगळं जमा केलं. पोच घेतली. कागदाची एक प्रत ओडेसाच्या वकिलाला गेली. महिन्याभराने सरकारी कागदावर मृत्यूची वेळ बदलली. दुपारचा एक. रॅटलिफची बदली झाली. बढतीवर. तुम्हाला वेगळं काही वाटलं होतं?

आणि बराकीतली गिनती बरोबर यायला लागली. मी फाटकावरच्या जुन्या दोस्ताला विचारून घेतलं. एकही दिवस चुकली नाही.

मला वाटलं, मिटलं.

ऑक्टोबरात मी तिच्याकडे दुपारी जेवायला गेलो. मक्याचा पाव, बीन्स. तिचं वजन उतरलं होतं. जेवण झाल्यावर तिने मला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं, साडेअकरापासून.

मी विचारलं, "हे साडेअकराचं त्या कागदात होतं का?"

ती बोटाने ताटातला पावाचा चुरा गोळा करायला लागली.

"व्हर्ना. तो तुझ्याकडे आला होता, तू त्याला काय म्हणालीस, हे लिहिलंस का?"

"बाकी सगळं लिहिलं."

"मग तेही लिही. ओडेसाला पाठव."

"ते लिहिलं की मी त्याला मारलं असं होतं, रे."

फ्रिजची घरघर चालू होती.

मग ती बंद झाली.

फ्रिजचा दिवा चालू. पंखा फिरतोय. आवाज कशाचाच नाही...

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

व्हर्ना उठली. खुर्ची सरकवून, हात बाजूला घेऊन, ताठ उभी राहिली. तिची नजर झोपायच्या खोलीच्या दाराकडे होती.

"तूही उभा राहा," ती कुजबुजली. "बसलेलं त्याला चालत नाही."

मी उभा राहिलो. का, ते विचारू नका.

घरात आम्ही दोघंच होतो. नवरा तिचा कधीच वारला, मुलं नाहीत. यंत्र जमा केल्याची पोच माझ्यासमोर फ्रिजला चिकटवलेली होती.

आतल्या खोलीतून आवाज आला.

टक.

मी मोजला. एक.

टक.

दोन. झाले की दोन. मी मनात म्हणालो, बास, आता बास...

व्हर्नाने माझा हात घट्ट पकडला. मान हलवली. अजून नाही.

आणि मग, आमच्या दोघांच्या मधोमध, अगदी कानापाशी...

टक.

फ्रिज पुन्हा घरघरायला लागला.

त्यानंतर मी तिच्याकडे दुपारी जात नाही. सकाळी जातो, भाजीपाला ठेवतो, तीनच्या आत निघतो. टेबलावर ओडेसाच्या पत्त्याचं पाकीट पडलेलं असतं, तिकीट लावलेलं. मी रोज उघडून बघतो.

आत कागद असतो. अजून कोराच.