खिडकीजवळची फळी

मी चेलो शिकायला गिरगावात जातो, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. फोर्टातल्या सॉलिसिटर मंडळींपैकी एकाला सुरुवातीला सांगून पाहिलं होतं. त्याने विचारलं, "म्हणजे ते मोठं फिडल ना?" त्यानंतर मी तोंड मिटलं. ज्यांना लग्नातला बँड आणि सनईच्या पलीकडे काही ऐकू येत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं?

माझे मास्तर कायतान. मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. मूकपटांच्या काळात पडद्यापुढच्या खड्ड्यात बसून वाजवलेलं, पुढे हॉटेलांतून वाजवलेलं, आता साठी उलटलेली. ठाकुरद्वाराच्या अलीकडे एका वाडीत, दुमजली लाकडी घराच्या माडीवर एकटे राहत. माडीचा जिना खालच्या खानावळीतूनच वर जात असे. खानावळ राधाबाईंची, मालवणकडच्या. छापखान्यातली आणि गोदीतली माणसं तिथे पाटावर बसून उकड्या तांदळाचा भात ओरपत. लालसर, जाडा भात, पावट्याएवढं एकेक शीत. त्याच्या वाफेत माझा इस्त्रीचा कोट दर गुरुवारी भिजून निघे. आमच्या घरी आंबेमोहोर शिजतो. हा भात माणसं आपखुशीने कशी खातात, हे मला कधी समजलं नाही.

चेलोच्या बुडाला एक पोलादी सळई असते, अणकुचीदार टोकाची. मास्तर तिला पिन म्हणत. वाद्य घसरू नये म्हणून ती जमिनीत रोवून बसायचं. मास्तरांच्या माडीची जमीन सागवानी फळ्यांची होती आणि तिच्यावर ठिकठिकाणी पिनच्या टोकाने पडलेल्या खाचा होत्या. प्रत्येक शिष्याची खाच वेगळी. मला त्यांनी पहिल्या दिवशी दाराजवळची जागा दिली आणि सांगितलं, की दुसऱ्याच्या खाचेत पिन रोवायची नाही. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पिढ्यान्पिढ्या मेणबत्त्या लावत आलेल्या माणसाकडून आणखी काय ऐकायला मिळणार होतं?

खिडकीजवळची खाच जयवंतची.

हा जयवंत काळाचौकीच्या चाळीतला. कापडाच्या दुकानात मापं घ्यायचा, लग्नसराईत बँडमध्ये ढोलकं बडवायचा. चेलो स्वतःचा नव्हता, मास्तरांचाच जुना वाजवायचा. शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. शिकवणीच्या आधी खाली राधाबाईंकडे जेवायचा, तोही बरोबर खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणजे वर जिथे वाजवायचा त्याच्या ठीक खाली. वर मी दाराजवळ वाजवत असलो तरी सगळी जमीन थरथरून फळ्यांच्या फटींतून लाकडाची पूड त्याच्या ताटात पडे. जिन्यावर भेटला की हसून म्हणे, "काय कर्णिकसाहेब, आज तुमचा सूर भातात कालवून खाल्ला." अशा सलगीला मी उत्तर देत नसे.

त्याची एक खोड तर फारच किळसवाणी होती. गज तारेवर टेकवण्याआधी तो नाकाने जोरात श्वास ओढायचा, नाक वाहणाऱ्या पोरासारखा. सूं करून आवाज यायचा. मी मास्तरांना एकदा म्हटलं, की हे थांबवायला हवं. ते म्हणाले, "त्याचा चेलो तिथून सुरू होतो, मिस्टर कर्णिक."

आणि माझा? माझ्याबद्दल ते एकच वाक्य बोलत. "स्वर करेक्ट. पण वाजत नाय." मी घरी परदेशी रेकॉर्डी ऐकत होतो, नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचत होतो, आणि हा माणूस मला सांगत होता की वाजत नाही.

त्या वर्षी शहरातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात चेलोची खुर्ची रिकामी होणार होती. कंडक्टर जर्मन, पुढच्या हिवाळ्यात मोठा जलसा, आणि त्यात एका संथ भागात चेलो एकटाच वाजणार. ती खुर्ची मला हवी होती. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नाही. सॉलिसिटरच्या फायलींवर माझं नाव कोण वाचणार होतं? मास्तरांचा शब्द तिथे चालत असे. मास्तरांनी शब्द टाकला तो जयवंतसाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ढोलकं बडवणारा तिथे धोतराच्या सोग्याने घाम पुसत बसणार आणि मी श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवणार!

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई केंद्राकडे जाणार अशी घोषणा झाली आणि गिरगाव पेटलं. रस्त्यांवर दगड, अश्रुधूर, संचारबंदी, गोळीबार. मुंबई महाराष्ट्रात असावी असं माझंही मत होतं, पण त्यासाठी घसा फोडत गल्ल्यांतून धावणं मला कधी शोभलं नसतं. त्या गुरुवारी मी शहाण्यासारखा दादरला घरी बसलो. जयवंत शिकवणीला निघाला. मोर्चात होता की नव्हता, कुणी सांगू शकलं नाही. वाडीच्या तोंडाशी गोळी लागली. राधाबाईंनी त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. तो जेवायला पोचलाच नाही.

वाईट झालं, हे मी मास्तरांना म्हटलं. दोन आठवडे जाऊ दिले आणि मग खुर्चीचा विषय काढला. मास्तरांनी मान हलवली. "तुमाला नाय जमणार," ते म्हणाले आणि खिडकीजवळची रिकामी खुर्ची फडक्याने पुसू लागले. ती खुर्ची आणि तो जुना चेलो त्यांनी तिथून हलवला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी लवकर पोचलो. मास्तर आत अंघोळ करत होते. दाराजवळ उजेड कमी होता म्हणून मी माझा चेलो घेऊन खिडकीशी बसलो. उजेडासाठी, दुसरं कारण नव्हतं. पिन जयवंतच्या खाचेत आपोआप बसली. मी गज ओढला.

तो आवाज कसा होता, हे मी सांगणार नाही. मला नीट सांगता येणार नाही, आणि सांगता न येणाऱ्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. छातीच्या हाडाला टेकलेलं लाकूड आतून बोललं, एवढंच. मी डोळे मिटून वाजवत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा मास्तर ओल्या अंगाने दारात उभे होते. चेहरा असा उजळलेला, की मी घाबरलोच. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो उजेड मालवला.

"तुमी?" ते म्हणाले. "उठा तिथून."

मी उठलो. पण मी कायद्याचा माणूस आहे. एखाद्या फळीत आवाज चांगला घुमतो, एखादीत घुमत नाही. त्या फळीखाली पोकळी असेल, लाकूड जुनं मुरलेलं असेल. यात भिण्यासारखं काय होतं? म्हाताऱ्याला भक्ती करायची तर त्याने तसबिरीची करावी. मला फळी हवी होती.

दर बुधवारी मास्तर माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात. घरमालकाला मी गाठलं, फळीला वाळवी लागलीय असं सांगितलं, नवी घालून देतो म्हटलं. लालबागचा धोंडू सुतार आणला. त्याने खाचेभोवतीचा पाटाएवढा तुकडा कापून काढला आणि तिथे नवा, पांढरट तुकडा बसवला. खाली राधाबाईंच्या कोपऱ्यात भुसा पडला. उतरताना मी पाहिलं, तर राधाबाई जयवंतच्या पाटापुढचं वाढलेलं ताट पदराने झाकत होत्या. पाटावर कुणी नव्हतं.

हे कुणाचं, असं मी उगीच विचारलं.

"तेचाच," त्या म्हणाल्या. "उपाशी गेलो ना तो. ताट वाढतंय मी. वाया जाणा नाय."

मांजर खात असेल, असं मनात म्हणून मी फळी काखोटीला मारली आणि निघालो.

गुरुवारी मास्तरांनी नवा तुकडा पाहिला. आरडाओरडा केला नाही. वाकून त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता तुमाला मास्तर नको. दुसरा हाय तुमाला." मी तरी त्यांच्याकडे कशाला राहतो? जिना उतरलो तो कायमचा.

घरी मी ती फळी खुर्चीपुढे ठेवू लागलो. पिन तिच्या खाचेत टेकवायची आणि वाजवायचं. आवाज तसाच आला, गिरगावात आला होता तसाच. ऑर्केस्ट्राच्या चाचणीलाही फळी नेली, स्टेजला ओरखडे नकोत असं सांगितलं. जर्मन कंडक्टर माझं वाजवणं ऐकून खुर्चीवरून उठला. खुर्ची मला मिळाली.

एकदा सुमेधा, माझी पत्नी, दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हल्ली वाजवताना नाकाने आवाज काढता तुम्ही." मी तिला सर्दी झाल्याचं सांगितलं.

पावसाळ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की मला वाकून वाजवावं लागतंय. चेलो खाली जात होता. मी पिन आणखी बाहेर ओढून घट्ट केली. काही दिवसांनी पुन्हा तेच. फळी बोटभर जाडीची, आणि पिन तिच्यात वीतभर उतरत होती. खालची फरशी फुटली असेल म्हणून मी फळी उचलून पाहिली. फरशी साफ होती. फळी उलटी केली. मागची बाजू कोरी होती, तिथे छिद्र नव्हतं.

मी ती परत सुलटी ठेवली. याचाही काही खुलासा असणारच. ज्याला वेळ असेल त्याने तो शोधावा, मला जलशाची तयारी करायची होती.

पिन बाहेर काढली की टोक कोमट लागे. कधी त्याला मालवणी कालवणातल्या तिरफळाचा वास येई. मी ते रुमालाने पुसून टाकत असे.

डिसेंबरात जलसा झाला. सभागृह भरलेलं, पारशी बाया, गोरे वकील, पुढच्या रांगेत सुमेधा. ऑफिसातल्या त्या फिडलवाल्यालाही मी मुद्दाम तिकीट पाठवलं होतं. संथ भाग आला. सगळी वाद्यं थांबली.

सूं करून श्वास ऐकू आला.

माझं तोंड मिटलेलं होतं आणि मी श्वास रोखून धरला होता.

मग चेलो वाजला. तेवढा वेळ सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

टाळ्या पडल्या तेव्हा कंडक्टरने मला उभं राहण्याची खूण केली. मला उठता येईना. पिन फळीतून निघत नव्हती. अडकली नव्हती. कुणी बोटांत धरून ठेवावी, तशी होती. मी बसल्या जागी मान लववली. लोकांना तो माझा विनय वाटला.

माणसं पांगली. वादक निघून गेले. मी चेलोला धरून बसून होतो.

कायतान मास्तर स्टेजवर चढले. जुना काळा कोट, हातात हॅट. ते मला हुडकत आले, हे पाहून मला बरं वाटलं. ज्याने कायम वाजत नाही म्हटलं, त्याच्या तोंडून वाजलं असं मला ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर ऑर्केस्ट्राच्या खुर्चीपेक्षा मला तेच हवं होतं.

ते माझ्यापुढे आले आणि गुडघ्यांवर बसले. तळवा फळीवर ठेवला.

"बरें वाजयलें, पुता," ते हळूच म्हणाले.

मी समोर होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. तळवा तसाच ठेवून ते थोडा वेळ बसले, मग उठून हॅट घालून निघून गेले. पिऊन आला असेल म्हातारा, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता.

मग पिन सुटली. ओढावी लागली नाही.

मी चेलो आडवा धरला आणि रुमाल काढला. पिनच्या टोकाला एक शीत चिकटलं होतं. लालसर, जाडं, उकड्या तांदळाचं. बोट लावून पाहिलं, तर अजून गरम होतं.