हात कोणी लावला?

सहा वर्षांपूर्वी तिने जिवंत प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा रबरबँडने दगडाला बांधला होता. भिंतीला टेकवलेल्या काचेच्या टाकीत आता त्या प्रवाळाची बशीहून मोठी, मऊ छत्री झाली होती. तिच्यावरची शेकडो बारीक तोंडं फुलली की तिला दिवसभराचा शीण विसरायला व्हायचं. औषधांच्या दुकानात आयुष्य मोजमापात गेलेली बाई ती. पाण्यातलं मीठही चिमूटभर इकडचं तिकडे होऊ द्यायची नाही. म्हणूनच सोमवारी दुपारी छत्रीवर पंजाच्या आकाराचं टक्कल दिसलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. हात लागला की ती तोंडं आत जातात, हे घरातल्या दोघांनाही पाठ होतं.

"अहो, टाकीत हात घातलात ना?"

"मी कशाला घालू?" नवऱ्याने पेपरातून मानही वर केली नाही. "तूच घातला असशील."

मंगळवारी पुन्हा पंजा. बुधवारीही. प्रवाळ मिटलं आणि अंगावर मेणचट साय धरून बसलं. टाक्या विकणारा दुकानदार घरी येऊन बघून गेला.

"ताई, कोणीतरी रोज हात लावतंय. थांबलं नाही तर आठवड्यात सडेल."

कोणीतरी! घरात माणसं दोन, त्यातली एक ती स्वतः. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला असं काही फैलावर घेतलं की शेवटी त्याने बॅगच भरली.

"त्या गोळ्यापायी मला खोटं पाडतेस? माझ्या ताईकडे जातो मी."

"खुशाल जा!"

तो गेल्यावर तिने झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि दुकानातल्या सवयीने प्रत्येक जोडावर सही ठोकली. तीन दिवसांत साय गळाली, प्रवाळ फुललं. म्हणजे हाच तो चोर! तिला जिंकल्यासारखं वाटलं. पण घर खायला उठलं होतं, हेही खरं.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"बरं बाई, मीच लावत होतो हात. कबूल. आता येऊ का घरी? ताईची गाऱ्हाणी ऐकून कान किटले."

तिला एकदम हलकं वाटलं. हसत ती टाकीपुढे जाऊन उभी राहिली.

"आधीच सांगायला काय झालं होतं? आणि काय हो, कुठल्या हाताने लावायचात?"



"अगं, झालं ना आता? मी कबूल केलं ना?"

"म्हणजे तुम्ही लावलाच नव्हता."

"मला भांडण नकोय गं."

तेवढ्यात छत्रीच्या पलीकडच्या कडेला, भिंतीच्या बाजूला, काही तोंडं मिटली. तळव्याएवढी जागा.

तिने झाकणाकडे पाहिलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. सगळ्या सह्या जागेवर.

मग एक बोट उमटलं. दुसरं. तिसरं.

"येऊ ना मी?" फोनवर नवरा विचारत होता.

चौथं उमटलं. अंगठाही.

बोटांची टोकं तिच्याकडे होती.