चिठ्ठीमागची फाईल

"मोर्शीची फाईल द्या बरं, तायडे!"

श्रावण तायडेनं मान वर केली. समोर निळ्या काठाची पांढरी साडी, कपाळावर घामाचे दोन थेंब आणि नाकाच्या शेंड्यावर राग. ही भागीरथा वानखडे. कापूस संस्थेच्या अमरावतीच्या कचेरीत कालच रेकॉर्डक्लार्क म्हणून रुजू झाली होती, आणि आज भांडायला आली होती.

"माह्याजवळ नाई."

"नाई कशी? कपाटात तुमच्या नावाची चिठ्ठी हाय. फाईल का उडून गेली?"

कचेरीची रीत अशी, की सामाईक कपाटातली फाईल ज्यानं न्यावी त्यानं तिच्या जागी आपल्या नावाची गुलाबी चिठ्ठी खोचावी. चिठ्ठी दिसली की फाईल बाहेर आहे असं धरून चालायचं, आत कुणी बघायचंच नाही. सभासदांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं काम श्रावणचं, म्हणून चिठ्ठ्याही त्याच्याच. तो उठला, रेकॉर्डच्या खोलीत गेला, चिठ्ठीच्या मागे हात घालून फाईल काढली आणि तिच्यापुढे धरली.

"वापस आणली तं चिठ्ठी काहून नाई काढली?"

"राह्यली..."

फाईल घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना निसटती लागली होती. याहून लांब वाक्य त्याला जमलंच नाही.

मग हे रोजचंच झालं. कधी अचलपूरची फाईल, कधी दर्यापूरची. ती तणतणत यायची, तो मुकाट्यानं तिच्यामागून जायचा. थंडी पडली, बाजारात संत्री आली, तसं त्याच्या टेबलावर एक सोललेलं संत्र तिची वाट पाहू लागलं.

"हे काय?"

"रोज भांडता... घसा कोरडा पडत असन."

"लाच देऊन राहिले का?"

"घेऊन राहिल्या ना तुमी?"

ती हसली नाही. पण फोड तोंडात टाकताना तिनं पाठ फिरवली, आणि पाठही हसू शकते हे श्रावणला त्या दिवशी कळलं.

अन् अशा गोडीत मीठ पडलंच. अकोल्याच्या मुख्य कचेरीतून तपासणीला साहेब आले. कपाटभर गुलाबी चिठ्ठ्या, सगळ्या एकाच नावाच्या! साहेबांनी शेरा मारला, तायडे फायली अडवून बसतो, त्याला नोकरीत कायम करू नये. श्रावण खाली मान घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

भागीरथा रेकॉर्डच्या खोलीत गेली. शिपाई नत्थुजी फायली लावत होते, त्यांनाच ती म्हणाली, "एवढ्या चिठ्ठ्या राह्यल्या कशा हो? फाईल ठेवतानी तुमी तरी काढाच्या!"

"मी शिपाई मानूस, बाई. फाईल जागेवर लावाची, एवढं माहं काम. चिठ्ठीले हात लावाचा हुकूम नाई मले. थे काढाचं काम रेकॉर्डवाल्याचं. म्हंजे तुमचं."

"माहं? मले कोनी सांगितलं नाई!"

"पयलेचे बाबू पेन्शनीत गेले, सांगन कोन? पन तायडेबाबूले माईत हाय की."

तिचे कान गरम झाले. तिची स्वतःची नोकरी अजून कच्ची होती. तरी ती तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, साहेब. चिठ्ठ्या काढायचं काम माझं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तायडे बोलला का नाही?"

भागीरथा लाजेनं लाल झाली. साहेब संसारी माणूस होते. त्यांनी शेरा खोडला, तिला ताकीद दिली आणि चहा मागवला.

व्हरांड्यात तिनं श्रावणला गाठलं. "काहून नाई बोलले तुमी?"

"बोललो असतो तं तुमी माह्या टेबलाजवळ आल्याच नसत्या..."

"अन् नोकरी गेली असती तं?"

"तं... मंग मी तरी टेबलाजवळ कुठं असतो? थे ध्यानातच नाई आलं."

"बाप्पा! एवढा शिकलेला मानूस अन् एवढा येडा!" ती रागावून गेली खरी, पण डोळे भरून आले होते आणि ते रागानं नव्हते.

त्याच दुपारी तिनं सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. आता फाईल हवी तेव्हा हाताशी. श्रावणच्या टेबलाकडे जायला काही कारण उरलं नाही. आठवडा गेला. संत्री टेबलावर सुकत राहिली, आणि कपाट इतकं नीटनेटकं ठेवल्याचा भागीरथाला मनापासून वैताग आला.

सोमवारी ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो गडबडून उठला.

"कोनती फाईल पायजे?"

"कोनतीच नाई."

"मंग...?"

"तुमची माय गावाहून कवा येते थे इचाराले आली. पौर्णिमेले माहे बाबा बुद्धविहारात असतात. मोठ्यायनं मोठ्यायशी बोलावं, म्हनलं." तिनं टेबलावरचं सुकलेलं संत्र उचललं. "मले तुमी आवडता, तायडे. कारन शोधून शोधून थकली मी."

श्रावणनं पुढ्यातली फाईल मिटली. "मायले... मायले आजच्याच मोटारीनं घेऊन येतो!"

"आज?" भागीरथा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "पौर्णिमा शनिवारी हाय. आज बसा चुपचाप माह्यासंग."